विनोदी मालिकेतील मरण आणि सुजातकुमाराचा बैल

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका हा विषय पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाने का हाताळावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर साधे आहे. शोकाचे निवारण हा पालि साहित्यातील एक मध्यवर्ती विषय आहे. आणि आज सामान्य कुटुंबाला शोक कसा करावा, किती करावा, कोणासमोर करावा याचे धडे ग्रंथांतून क्वचितच मिळतात, ते दर्शनी खोलीतल्या पडद्यावरून मिळतात. गंभीर मालिकांत मृत्यू मुबलक असतो. तेथे तो कथानकाला वळण देतो, इस्टेटीचे भांडण लावतो, आणि सोय पाहून मेलेले माणूस परतही आणतो. त्याविषयी लिहावे असे फारसे काही नाही. खरी कसोटी लागते ती विनोदी मालिकेची. ज्या घरात आपण केवळ हसण्यासाठी रोज डोकावतो, त्या घरातील बाप किंवा आई मरण पावली तर ती मालिका काय करते?

बहुतेक वेळा ती काहीच करीत नाही. याचे कारण या प्रकाराच्या घडणीतच आहे. विनोदी मालिका नित्यतेवर उभी असते. तोच दिवाणखाना, तोच सोफा, तोच जिना, त्याच शेजाऱ्याची दारावर तीच थाप. प्रत्येक भागाच्या आरंभी घराची घडी थोडीशी विस्कटते, वीस-बावीस मिनिटांत ती पुन्हा बसते, आणि सर्व पात्रे जेथून निघाली तेथेच येऊन थांबतात; कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथूनच निघायचे असते. पात्रांना आठवण जवळजवळ नसते. कालचा अपमान आज कोणाच्या लक्षात नसतो. आपल्या परिभाषेत बोलायचे तर ही सस्सतवादाची सृष्टी आहे. येथे उत्पाद आहे, व्यय नाही. अशा सृष्टीत मातापित्याचे मरण हा केवळ एक दुःखद प्रसंग राहत नाही, ते त्या सृष्टीच्या मूळ गृहीतकावरच घाव घालते. अनिच्चता दारातून आत आली की सोफ्यावरची ती जागा रिकामी दिसू लागते, आणि ती रिकामी जागा दाखवीत उद्या पुन्हा हसवायचे कसे, हा पेच लेखकापुढे उभा राहतो.

आपल्याकडे हा पेच सोडवण्यापेक्षा टाळण्याकडेच कल राहिला आहे. 'वागळे की दुनिया' या मालिकेचे उदाहरण घेऊ. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारलेली आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका हिंदीत असली, तरी घर मराठी मध्यमवर्गीयाचे होते. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे त्यातील पतिपत्नी. २०२१ साली ही मालिका नव्या पिढीची गोष्ट घेऊन पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमीत राघवन हा कर्ता मुलगा झाला होता, आणि तेच अंजन श्रीवास्तव, त्याच भारती आचरेकर घरातील वृद्ध आईवडील म्हणून हजर होते. मधल्या ३३ वर्षांत वागळ्यांना निर्माण करणारे लक्ष्मण स्वतः निवर्तले (२०१५). वागळे मात्र होते तेथे होते. यात दोष काढण्यासारखे काही नाही. उलट १९८८ साली वडिलांच्या शेजारी बसून ही मालिका पाहिलेल्या आणि २०२१ साली ते वडील नसलेल्या प्रेक्षकाला त्यात एक दिलासाच वाटला असेल. परंतु या दिलाशाचे स्वरूप ओळखले पाहिजे : जे आपल्या घरात टिकले नाही ते पडद्यावर टिकून आहे, एवढाच तो आहे.

'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही २००८ पासूनची मालिका याच वाटेने फार पुढे गेली. दयाबेनचे काम करणाऱ्या दिशा वाकाणी २०१७ साली रजेवर गेल्या त्या परतल्याच नाहीत. पुढे कित्येक वर्षे ती गृहिणी माहेरीच राहिली. आई घरात नाही. पण ती गेलेली नाही, यायची आहे. मुलगा मोठा होतो, सोसायटीत सण होतात, आणि आईच्या नसण्याचे दुःख मात्र कोणालाच खऱ्या अर्थाने करता येत नाही, कारण दुःख करायला आधी नसणे मान्य करावे लागते. डॉक्टर हाथींचे काम करणारे कवी कुमार आझाद जुलै २०१८ मध्ये वारले. त्यांच्या जागी दुसरे नट आले आणि डॉक्टर हाथी खातपीत राहिले. नट्टू काकांचे काम करणारे घनश्याम नायक ऑक्टोबर २०२१ मध्ये कर्करोगाने वारले. लहानथोर प्रेक्षकांना त्यांच्या मृत्यूची बातमी ठाऊक होती, त्यांच्या अंत्ययात्रेची छायाचित्रे सर्वांनी पाहिली होती. तरीही २०२२ साली मालिकेने सांगितले ते असे की, जुन्या नट्टू काकांनीच आपल्या जागी या नव्या नट्टू काकांना पाठवले आहे. निर्मात्यांचा हेतू प्रेमाचा असेल. परंतु घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाने विचारले की नट्टू काका तर वारले ना, मग यांना पाठवले कोणी, तर आईबापांनी काय सांगावे?

याच्या उलट उदाहरण ४० वर्षांपूर्वीचे आहे आणि ते मुलांच्या कार्यक्रमातले आहे. अमेरिकेतील 'सेसमी स्ट्रीट' या कार्यक्रमात दुकानदार हूपर यांचे काम करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. हूपर निवृत्त होऊन दूर राहायला गेले असे सांगून वेळ मारून नेता आली असती. निर्मात्यांनी तसे केले नाही. त्यांनी मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला आणि २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, सुटीच्या दिवशी, आईबाप मुलांजवळ असतील असे पाहून तो भाग दाखवला. त्यातील महाकाय पिवळ्या पक्ष्याने सर्वांची चित्रे काढून आणली आहेत आणि तो हूपरना त्यांचे चित्र द्यायला निघतो. मोठी माणसे त्याला सांगतात की हूपर वारले आहेत आणि परत येणार नाहीत. असे का व्हावे, या त्याच्या प्रश्नाला ती देवाची इच्छा वा प्रारब्ध असे काही उत्तर देत नाहीत. हे असे आहे, म्हणून आहे, एवढेच सांगतात. कर्मकांडाचा वा परलोकाचा आधार न घेता लहान मुलाला मृत्यू सांगण्याचा याहून स्वच्छ प्रयत्न आम्हांस दूरचित्रवाणीवर आढळलेला नाही.

प्रौढांच्या विनोदी मालिकांत '८ सिंपल रूल्स' या मालिकेवर हा प्रसंग अकस्मात ओढवला. बापाचे काम करणारे जॉन रिटर ११ सप्टेंबर २००३ रोजी वारले. त्याच वर्षीच्या ४ नोव्हेंबरला दाखवलेल्या एक तासाच्या भागात मालिकेतील बापही मरतो. दूध आणायला दुकानात गेलेला असताना. त्या भागापुरते पार्श्वभूमीचे हास्य काढून टाकण्यात आले. आमच्या मते या मालिकेने केलेले सर्वांत बोलके काम तेच आहे. एरवी आपण त्या हास्याकडे लक्ष देत नाही, ते भिंतीच्या रंगासारखे असते. ते थांबताच त्या घराच्या भिंतीच गेल्यासारखे वाटते. मात्र येथे शोक आला म्हणून विनोद बाहेर गेला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. दोघे एका खोलीत बसू शकत नाहीत, असे त्या मालिकेने जणू मान्य केले.

'हाउ आय मेट युवर मदर' या मालिकेने जानेवारी २०११ मध्ये हेच काम अधिक धिटाईने केले, आणि तेही कोणी नट दगावला म्हणून नव्हे, तर लेखकांनी ठरवून. त्या भागात प्रत्येक दृश्यात कोठेतरी एक आकडा लपवलेला आहे. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर, बाटलीवर, कागदावर. आकडे ५० पासून उतरत जातात. वरवर कथा चालली आहे ती मूल होईल की नाही या काळजीची, आणि ती काळजी दूर झाल्याची आनंदवार्ता देण्यासाठी मार्शल नावाचा तरुण वडिलांना शोधतो आहे. आकडा १ वर येतो तेव्हा त्याची पत्नी गाडीतून उतरते आणि त्याला सांगते की वडील हृदयविकाराने गेले. आपण या बातमीसाठी तयार नाही, अशा अर्थाचे एक वाक्य तो बोलतो आणि भाग संपतो. प्रेक्षकाला वीस मिनिटे कोणीतरी तयार करीत होते आणि तरी तो तयार नव्हता. आकड्यांची ही युक्ती काहींना चमत्कृती वाटली. आम्हांस ती तशी वाटत नाही, आणि याचे कारण दशरथ जातकात आहे.

क्रमांक ४६१ चे ते जातक भगवंतांनी जेतवनात, पित्याच्या मृत्यूने कामधाम सोडून बसलेल्या एका गृहस्थाला उद्देशून सांगितले, असे अट्ठकथा म्हणते. त्यात भरत वनात येऊन रामपंडिताला पित्याच्या मृत्यूची बातमी देतो. लक्खण आणि सीता बाहेर गेलेली आहेत. ती परत आल्यावर त्यांना हे एकदम सांगितले तर ती सावरणार नाहीत, हे रामपंडित जाणतो. म्हणून तो त्यांना लटक्या रागाने म्हणतो की तुम्ही यायला उशीर केलात, याची शिक्षा म्हणून समोरच्या पाण्यात उभी राहा. ती दोघे पाण्यात उतरल्यावर मग बातमी सांगितली जाते. वाईट वार्ता देण्यापूर्वी ऐकणाऱ्याला थंड पाण्यात उभे करण्याची ही योजना आणि ते उतरते आकडे यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. दोन्हींत थोडासा खेळ आहे, आणि दोन्हींतील खेळ करुणेपोटी आहे. तरीही ती भावंडे मूर्च्छित व्हायची ती होतातच.

मार्शलच्या गोष्टीचा पुढचा भागही लक्षात घेण्याजोगा आहे. वडिलांचे आपल्याशी शेवटचे बोलणे काय झाले होते, हे तो आठवू पाहतो, आणि त्याला आठवते ते असे की त्यांनी एक सामान्य चित्रपट बघ म्हणून सुचवले होते. एवढेच! पित्याचे अंतिम वचन म्हणून जगाला सांगावे असे त्यात काही नाही. येथे वाचकांना धनंजय कीर यांच्या चरित्रात नोंदवलेला प्रसंग आठवल्याशिवाय राहणार नाही. १९१३ साली बडोद्याच्या नोकरीत असताना वडील अत्यवस्थ असल्याची तार आली म्हणून बाबासाहेब मुंबईस निघाले. वाटेत सुरतेच्या स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी निघून गेली. ते मुंबईस पोहोचले ते दुसऱ्या दिवशी. रामजीबाबांचे डोळे त्यांचीच वाट पाहत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. भाषणांत या प्रसंगातील तार येते, अश्रू येतात, मिठाई बहुधा गळते. आमच्या मते त्या प्रसंगाचे सारे काळीज त्या मिठाईत आहे. ज्या मुलाला वडिलांसाठी काही गोड न्यावेसे वाटले, त्याच वाटण्याने त्याची एक रात्र हिरावली. शोक असाच क्षुल्लक वस्तूंना चिकटून येतो, आणि विनोदी लेखकाची सारी साधनसामग्री म्हणजे क्षुल्लक वस्तूच असल्यामुळे या कामी तो शोकांतिका लिहिणाऱ्यापेक्षा कमी लायक नसतो.

आमच्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षात तिने ते लेणे भदावनीय भिक्षुसंघाला दान दिले. लेखातील मोठा भाग तिचा दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या गौरवाचा आहे. जिंकलेले प्रदेश, नमवलेले राजे, यांची रांग लागलेली आहे, आणि त्या रांगेत मध्येच तो आपल्या आईची अखंड सेवा करणारा होता असेही कोरले आहे. इतिहासकार त्या लेखातून सातवाहनांची राज्यसीमा काढतात, ते योग्यच आहे. मुलाच्या मागे उरलेल्या आईने शोकाचा एकही शब्द न कोरता ते एक घरगुती विशेषण तेथे कोरवून घेतले, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. असो.

आता ज्या कथेसाठी हा लेख लिहावा असे आम्हांस वाटले, तिच्याकडे वळू. सुजात जातक हे पञ्चक निपातातील, क्रमांक ३५२ चे. हीच कथा पेतवत्थूत 'गोण', म्हणजे बैल, या नावाने आली आहे. दुर्गा भागवत यांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने मराठीत आणलेल्या जातकांमुळे मराठी वाचकाला हे भांडार खुले आहे. पण आपल्या प्रवचनांत किसागोतमीची मोहरी जितक्या वेळा येते त्याच्या शतांशानेही सुजाताचा बैल येत नाही. हेही जातक पिता वारलेल्या गृहस्थासाठीच सांगितलेले आहे. वाराणसीतील एका कुटुंबप्रमुखाचा वृद्ध पिता मरण पावतो. तो स्मशानातून पित्याच्या अस्थी आणतो, बागेत मातीचा स्तूप रचून त्यात ठेवतो, फुले वाहतो, प्रदक्षिणा घालतो आणि रडतो. स्नान नाही, भोजन नाही, व्यवहाराकडे लक्ष नाही. त्याचा मुलगा सुजात हे पाहतो आणि विचार करतो की बापाला शब्दांनी समजावणे शक्य नाही, काही उपाय केला पाहिजे. नगराबाहेर एक बैल मरून पडलेला असतो. सुजात गवत आणि पाणी आणून त्या मेलेल्या बैलापुढे ठेवतो आणि खा, पी, असा आग्रह धरून बसतो. येणारेजाणारे म्हणतात, अरे, वेडा झालास काय? तो उत्तर देत नाही. लोक बापाकडे धावत जातात : तुमचा मुलगा वेडा झाला, मेलेल्या बैलाला चारा घालतो आहे.

अट्ठकथाकार येथे फार मार्मिक निरीक्षण नोंदवतो. हे ऐकताच त्या गृहस्थाचा पितृशोक नाहीसा झाला आणि पुत्रशोक उत्पन्न झाला. तो धावत येतो आणि मुलाला शहाणपण शिकवू लागतो. मेलेला प्राणी गवतपाण्याने उठत नसतो, तू व्यर्थ का बडबडतोस? सुजात शांतपणे सांगतो की या बैलाचे डोके आहे, पाय आहेत, शेपूट आहे, कान जागच्या जागी आहेत. हा कदाचित उठेलही. आजोबांचे तर हात, पाय, डोके काहीच दिसत नाही, आणि तुम्ही मातीच्या ढिगापाशी रडता. मग वेडा कोण? बापाच्या अंतःकरणातील शल्य निघते आणि तो मुलाची प्रशंसा करतो.

ही कथा नुसती उपदेशपर म्हणून वाचली तर तिचा अर्धा भाग हातातून निसटतो. तिची रचना विनोदी मालिकेच्या एका भागाची आहे. घरातला एक माणूस एका हट्टाला पेटला आहे, दुसरा त्याहून मोठा हट्ट करतो, शेजारी चहाडी करायला धावतात, गैरसमज होतो, आणि शेवटी पहिल्याला दुसऱ्याच्या हट्टात स्वतःचे तोंड दिसते. मेलेल्या बैलापुढे गवताची पेंढी धरून बसलेला मुलगा हे दृश्य हसू आणणारे आहे. कथाकाराला ते ठाऊक आहे, आणि रस्त्यावरचे लोक त्याने त्यासाठीच आणले आहेत. पण हे हसू शोकापासून सुटका म्हणून आलेले नाही. ते शोकाच्या पोटातून आले आहे. बापाचे स्तूपाला प्रदक्षिणा घालणे आणि मुलाचे बैलाला चारा घालणे ही एकच कृती आहे, फक्त तिचे अंग पालटले आहे. स्तूप रचण्यात दोष नाही, हे आम्ही आपल्या वाचकांस सांगावयास नको. दोष आहे तो स्तूपापाशी जगणे थांबवण्यात. सुजात बापाची थट्टा करीत नाही, तो स्वतःलाच वेड्याच्या जागी ठेवतो. जगाने हसायचे तर माझ्यावर हसावे, अशी त्याची तयारी आहे. घत जातकात शोकग्रस्त भावासाठी घतपंडित चंद्रावरचा ससा मागतो, मट्ठकुंडलीच्या कथेत पुत्रशोकाने रडणाऱ्या ब्राह्मणासमोर एक तरुण रथाच्या चाकांसाठी चंद्रसूर्य मागतो. वेडाचे सोंग घेऊन शोक दूर करण्याचा हा प्रकार पालि कथाकारांच्या चांगलाच हातचा होता. त्या सर्वांत सुजाताची कथा सरस आहे, कारण तीत चंद्रसूर्य नाहीत, मेलेला बैल आहे.

ही कसोटी मराठी कार्यक्रमांना लावून पाहू. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही २००१ साली अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झालेली, दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी'वर आधारलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली मालिका मराठीतील सर्वांत सभ्य विनोदी मालिका म्हणावी लागेल. त्या घरात आजोबा आहेत, आजी नाहीत. हे नसणे मालिका ओरडून सांगत नाही. एक वृद्ध रोज दैनंदिनी लिहितो, यातच ज्याच्याशी बोलायचे ते माणूस आता घरात नाही हे आले. ही संयत रीत आम्हांस मान्य आहे. पण ती मृत्यूला मालिकेच्या आरंभापूर्वीच ठेवते.

'चला हवा येऊ द्या' ही मालिका नव्हे, प्रहसनांचा कार्यक्रम. पण २०१४ पासून दहा वर्षे महाराष्ट्रातील घराघरांत विनोद म्हणजे ती थुकरटवाडी असे समीकरण झाले होते. त्यात अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे यांनी पोस्टमनच्या वेषात वाचलेली पत्रे, हा आपल्या विषयाचा सर्वांत मोठा मराठी पुरावा आहे. शेतकऱ्याच्या घरातले, सैनिकाच्या घरातले, म्हाताऱ्या आईबापांचे दुःख त्या पत्रांतून येई आणि क्षणापूर्वी हसणारे प्रेक्षागृह डोळे पुशी. खेड्यातील मरणाला शहरी करमणुकीच्या व्यासपीठावर जागा मिळाली, याचे श्रेय जगताप यांच्या लेखणीला आणि कारंडे यांच्या आवाजाला निःसंशय दिले पाहिजे. आमचा आक्षेप पत्रांवर नाही, मांडणीवर आहे. हसणे चालू असते, मग ते थांबवले जाते, संथ संगीत सुरू होते, कॅमेरा पाहुण्या कलावंतांच्या ओल्या डोळ्यांवर फिरतो, टाळ्या होतात आणि पुन्हा हसणे चालू होते. हास्य आणि शोक यांची दोन स्वतंत्र दुकाने एकाच पेठेत थाटलेली आहेत. सुजाताच्या कथेत बैल आणि आजोबा यांना वेगळे करता येत नाही. येथे पत्र काढून टाकले तरी प्रहसन तसेच राहते आणि प्रहसन काढले तरी पत्र तसेच. आणखी असे की, शोक करणाऱ्याचे तोंड न दाखवता शोक ऐकणाऱ्याचे तोंड दाखवण्याची सवय मराठी दूरचित्रवाणीला येथून जडली, आणि ती बरी नव्हे.

दोन्ही एका खोलीत बसवण्याचे काम मराठीत रंगभूमीने फार पूर्वी केले आहे. सतीश आळेकर यांचे 'महानिर्वाण' (१९७४) हे नाटक बापाच्या मरणावर आहे. मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तनकाराच्या थाटात आपल्या मरणाची कथा लावतात; त्यांना जुन्या स्मशानातच जळायचे आहे आणि ते स्मशान बंद झालेले आहे; मुलगा प्रेत घेऊन खोळंबला आहे. नावाबद्दल आमच्यासारख्याने भुवई उंचावावी हे साहजिकच. भगवंतांच्या परिनिब्बानाशी भाऊरावांच्या या खोळंब्याचा काही संबंध नाही. परंतु उपहासाचे लक्ष्य बुद्धवचन नसून चाळीतील ब्राह्मणी मर्तिकाचा सगळा सोपस्कार आहे, हे नाटक समजून वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल. मृताला काय हवे याच्या विवंचनेत जिवंतांचे जगणे थांबते, ही सुजाताच्या बापाचीच स्थिती आळेकरांनी मुलाच्या बाजूने रंगवली आहे. हेच आळेकर पुढे राजेश मापुस्कर यांच्या 'व्हेंटिलेटर' (२०१६) या चित्रपटात वृद्ध पित्याच्या भूमिकेत दिसले. गणेशोत्सव तोंडावर आलेला, घरातील एक ज्येष्ठ अतिदक्षता विभागात, रुग्णालयात नातेवाइकांची जत्रा, गावकीचे हिशेब, आणि बापाशी न पटलेला मुलगा. यंत्र काढायचे की ठेवायचे, या निर्णयाभोवती जो गोंधळ चालतो तो हसवतो आणि त्याच वेळी घसा दाटतो. त्या प्रतीक्षागृहात सुजाताचा बैल आहे, असे आम्ही म्हणू. आमच्याच नाशकात, नदीकाठच्या घरात घडणारा निखिल महाजन यांचा 'गोदावरी' हा चित्रपट (प्रदर्शन २०२२) मरणाला अधिक थेट भिडतो, पण हसण्याला त्यात फारसा वाव नाही. दूरचित्रवाणीच्या विनोदी मालिकेने मात्र 'महानिर्वाण'नंतरच्या ५० वर्षांत त्या वाटेवर पाऊल टाकलेले आम्हांस दिसत नाही.

एक उणीव मात्र या सर्वांत समान आहे. मराठी पडद्यावर बाप मेला की मुलाचे मुंडन होते, घाट येतो, पिंड येतो, पिंडाला न शिवणारा कावळा येतो. आणि विनोदी लेखकाला त्या कावळ्याइतका हुकमी विनोद दुसरा सुचत नाही. नाशकात तर रामकुंड हाकेच्या अंतरावर; रामाने दशरथाचे श्राद्ध तेथे केले अशी श्रद्धा आहे, आणि दशरथ जातकातील रामपंडित पित्याचे श्राद्ध न करता भावंडांना अनित्यता समजावतो, हा विरोध गोदाकाठी राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना फार भावतो. पण मुद्दा कावळ्याची टवाळी करण्याचा नाही. मुद्दा असा की, १९५६ नंतर लक्षावधी मराठी घरांतून मरणाची रीत बदलली, ती रीत विनोदी मालिकेत आमच्या पाहण्यात एकदाही आलेली नाही. पांढरी वस्त्रे, मेणबत्ती, त्रिसरण-पंचशील, जलदान विधी, पुण्यानुमोदन, हे ज्या घरात होते त्या घराला मराठी विनोदात पत्ता नाही. कोणी म्हणेल, बरेच आहे, आपल्या मर्तिकावर कोणी हसू नये. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या घरावर प्रेमाने हसता येत नाही त्या घरातले रडणेही कोणी खरे मानत नाही.

आणि सामग्रीची वाण काय आहे? पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अकराचा छापलेला, भंतेजी दुसऱ्या गावाहून निघालेले आणि घाटात अडकलेले. ध्वनिक्षेपक घरघरतो आहे. मृताला हयातीत ज्यांनी दारात उभे केले नाही असे दोन पुढारी श्रद्धांजलीसाठी माइक सोडायला तयार नाहीत. सूत्रसंचालक विहाराला आलेल्या दानाची रक्कम आणि पंख्यांची संख्या पुन्हापुन्हा वाचतो आहे. जलदान म्हणजे पाणी पाजणे की पुण्य देणे, यावर दोन मामांचे जुंपले आहे. त्यांतील एक पालि जाणतो असे त्याला वाटते. स्वयंपाकघरात आत्या विचारते आहे की दादाला भाजीत खोबरे चालत नव्हते, आज घालायचे की नाही. आणि थोरला मुलगा, ज्याला सकाळपासून कोणी रडताना पाहिलेले नाही, तो वडिलांच्या चष्म्याची काच पुसत उभा आहे. जणू त्यांना कार्यक्रम नीट दिसायला हवा.